स्विफ्टचा सायलेन्सर: अडीच इंचापासून पावणेदोन इंचापर्यंत

मिस्त्रींनी पान्याच्या टोकानं पुढचा पाइप ठोकला, तेव्हा 'टण्' असा स्वच्छ आवाज आला. मधल्या डब्यावर ठोकल्यावर मात्र नुसतंच 'भस्'. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर डब्याच्या शिवणीला टेकवला आणि जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढताना चहापुडीसारखा तांबडा भुगा माझ्या मनगटावर सांडला.

"आतनं खाल्लाय," मिस्त्री म्हणाले. "भायेरनं बघून कळलं नसतं."

गाडी २००८ ची पेट्रोल स्विफ्ट, १२९८ सीसीची. पंधरा वर्षं झाली तेव्हा फिटनेस करून, पुन्हा नोंदणी करून ठेवलेली. विकायची नाही हे घरात ठरलेलं आहे, कारण आप्पा दुसरी कुठली गाडी चालवत नाहीत. आणि आप्पांच्या चालवण्यातच या गंजाचं मूळ होतं. सकाळी कळंब्याहून रंकाळ्याला फिरायला, तिथून मंडईत, मंडईतून घरी. एकेक टप्पा दोन-तीन किलोमीटरचा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ती वाफ बाहेर पडते. छोट्या फेऱ्यांत डबा तापायच्या आधीच इंजिन बंद होतं, वाफेचं पाणी होऊन तळाशी साठतं, त्यात धुरातले आम्लाचे अंश मिसळतात आणि पत्रा आतून कुजत जातो. जास्त पळालेल्या गाडीपेक्षा कमी पळालेल्या गाडीचा सायलेन्सर आधी जातो, तो असा.

दोन महिने आधीपासून गाडीचं ॲव्हरेज १४ वरून ११ वर आलं होतं. मी इंजेक्टर साफ करून घेतले, प्लग बदलले, फरक पडला नाही. त्याचंही कारण त्या दिवशी गॅरेजच्या खड्ड्यात गाडीखाली उभं राहिल्यावर दिसलं. इंजिनाच्या चारही सिलिंडरचा धूर एकत्र करणारा जो मॅनिफोल्ड, त्याच्या तोंडाशी पॅकिंग फुटलं होतं आणि तिथून काळ्या काजळीचा पंखा उमटला होता. तिथून धूर बाहेर येतो हे कुणालाही कळतं. पण दोन स्फोटांच्या मधल्या क्षणी पाइपमधला दाब खाली जातो आणि त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, हे मला नवीन होतं. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ती जादा हवा दिसते, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोल वाढवतो. म्हणजे दीडशे रुपयांच्या पॅकिंगपायी मी दोन महिने जादा पेट्रोल जाळत होतो.

आता बदलायचं काय आणि कशानं, हा प्रश्न होता. मागचा मफलर कंपनीचा मिळत होता. मधला पाइप मागवावा लागणार होता, आणि आला तरी तो त्याच पद्धतीच्या पत्र्याचा, म्हणजे आप्पांच्या वापरात पुन्हा आतून कुजणारच. बाजारातला डुप्लिकेट हातात घेतला तर इतका हलका लागला, की तो आणि जुना शेजारी ठेवून वजन करायचीही गरज नव्हती.

त्या आठवड्यात भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाड्यांचा नाद. म्हणाला, "मामा, नाहीतरी बदलतोयस तर फ्री-फ्लोच टाक की. पिकअप बघ मग." फ्री-फ्लो म्हणजे धुराला कमीत कमी अडवणारा सायलेन्सर. मलाही मोह झाला, हे सांगितलंच पाहिजे. तरुणपणी जे करायचं राहून गेलं ते आता परवडतंय, असं मनात आलं. शहरातल्या एका दुकानात गेलो. भिंतीवर चकचकीत मफलर टांगलेले, त्यातल्या एकावर नामांकित जपानी कंपनीचं नाव कोरलेलं. कॅटच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा) मागून थेट शेवटपर्यंत अडीच इंची पाइप, मधला रेझोनेटर, म्हणजे आवाज मारणारा डबा, काढून टाकलेला, मागे सरळ आरपार मफलर. फिटिंगसह साडेनऊ हजार. "स्टेनलेस ३०४, आयुष्यभर बघायला नको," असं दुकानदार म्हणाला. चुंबक लावून दाखवला, चिकटला नाही. मी पैसे दिले.

ते आठ दिवस मी विसरणार नाही.

पहिल्या दिवशी फायरिंग ऐकून भाचा खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गाडी चालू केली आणि समोरच्या घरातल्या वहिनी दारात आल्या. त्यांची सून नुकतीच बाळंत होऊन आलेली. "भाऊजी, जरा लांबनं चालू करा की गाडी. बाळ दचकतंय." मला काय बोलावं सुचेना. त्यानंतर रोज गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायचो.

रविवारी आत्याकडे वैभववाडीला निघालो. बालिंग्याचा पूल ओलांडून रस्ता मोकळा झाला, गाडी पाचव्यात ऐंशीच्या आसपास बसली, आणि आत एक घुमारा भरला. आवाज मोठा आहे असंही म्हणता येत नव्हतं. कानापेक्षा छातीत आणि दातांत जाणवत होता. काच खाली केली तरी जाईना. नंतर हिशेब मांडला. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट. २५०० आरपीएमला मिनिटाला ५००० स्फोट, म्हणजे सेकंदाला ८३. हा खोल, जड सूर. छोट्या गाडीची बंद केबिन असल्या सुराला ढोलासारखी साथ देते. तो मारण्यासाठीच कंपनीनं मध्ये रेझोनेटरचा डबा आणि मागे कप्प्यांचा मफलर बसवलेला असतो. मी ते दोन्ही काढून टाकले होते.

साळवणच्या अलीकडे आप्पा म्हणाले, "थांबव जरा. उतरतो मी." रस्त्याकडेला झाडाखाली दहा मिनिटं डोकं धरून बसले. वय ७४. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नाही, म्हणून ते बसणं मला जास्त लागलं.

परत येताना करूळ घाट चढलो. ज्या वळणावर ही गाडी वर्षानुवर्षं तिसऱ्या गिअरवर ओढत होती, तिथं दुसरा टाकावा लागला. आवाज दुप्पट आणि ओढ कमी. वर गगनबावड्यात चहाला थांबलो तेव्हाच ठरवलं, हे काढायचं.

सोमवारी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आवाज पायजे हुता का गाडी?"

"गाडी," मी म्हणालो.

"मग परत पयल्यापास्नं बघू."

या पहिल्यापासून बघण्यात मी जे शिकलो, त्यासाठीच हे लिहितो आहे.

आधी पाइपचा व्यास. मूळ पाइप दीड इंचाहून थोडासाच मोठा होता. लोकांना वाटतं, पाइप मोठा केला की इंजिन मोकळा श्वास घेतं. मात्र व्यास दीडपट केला की पोटाचं क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, आणि तेवढ्याच धुराचा वेग निम्म्याहून खाली येतो. वेगानं जाणारा धूर स्वतःमागे थोडी पोकळी सोडतो आणि पुढच्या सिलिंडरमधला धूर ओढून घेतो. वेग गेला की ही ओढ गेली, आणि ती सगळ्यात आधी जाते कमी आरपीएमला, म्हणजे घाटात, बाजारात, आपण रोज जिथं चालवतो तिथं. 'बॅकप्रेशर पाहिजे' असं गॅरेजमध्ये म्हणतात ते शब्दशः बरोबर नाही. दाब कुणालाच नको असतो, धुराचा वेग पाहिजे असतो. माझ्या गाडीचं इंजिन ८७ बीएचपीचं, आणि तेही ६००० आरपीएमला. मी तिथं वर्षातून एकदाही जात नाही. पावणेदोन इंची पाइप या इंजिनाला पुरून उरतो. अडीच इंच हे याच्या दुप्पट ताकदीच्या गाडीचं माप आहे.

हेडरचाही विषय निघाला. ओतीव मॅनिफोल्ड काढून चार नळ्यांचा हेडर बसवावा का? मी गोकुळ शिरगावला एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात आहे. ओतीव मॅनिफोल्डबद्दल मला आपुलकी आहे, हे आधीच सांगून टाकतो. लाल होईपर्यंत तापणं आणि पुन्हा थंड होणं चांगलं ओतीव लोखंड हजारो वेळा सोसतं. जास्त तापणाऱ्या इंजिनांसाठी त्यात सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम वाढवून वेगळी जात ओततात. माझा मॅनिफोल्ड तपासला, कुठे तडा नव्हता. फक्त तोंडाची बाजू सपाट करून घेतली, पॅकिंग नवीन टाकलं. दोन स्टड गंजून मोडले, ते काढण्यात मिस्त्रींची अर्धी दुपार गेली.

कॅटबद्दल मी हट्टी राहिलो. अडीच इंची पाइप बसवणाऱ्या दुकानातच मला सल्ला मिळाला होता, की जाळी फोडून पोकळ करा, आणि जाळी आम्ही विकत घेतो. घेणारच. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. पण पीयूसीला माझ्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमची मर्यादा आहे, आणि कॅट नसलेली गाडी तिथं सरळमार्गानं पास होणं अवघड. मग पुढचे मार्ग सुरू होतात, आणि मला त्या वाटेला जायचं नाही. त्याहून मोठी गोष्ट, सिग्नलला आपल्या मागे दुचाकीवर कुणाची तरी मुलगी शाळेच्या दप्तरासह बसलेली असते. तो धूर तिच्या नाकात जातो.

कायद्याचंही बोलून घेतो. कारसाठी आवाजाची मर्यादा २००५ पासून ७४ डेसिबल आहे. साडेसात मीटरवरून, गाडी जोरात पुढे जाताना मोजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्सही तीन महिने जातं. बुलेटवाल्यांच्या सायलेन्सरवर रोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. कारवाले त्यातून सुटतात असं समजू नये.

आता धातू. दुकानातून काढून आणलेला तो 'आयुष्यभराचा' पाइप माझ्याकडे पडून होता. एक दिवस त्याचा बोटभर तुकडा कापला, उभा चिरून चपटा केला, बेल्टवर घासून पांढरा केला आणि फाउंड्रीत नेला. आमच्या स्पेक्ट्रोमीटरला स्टेनलेसचा प्रोग्रॅम आहे. तुकडा दाबून धरला, ठिणगीचा 'चर्र' आवाज झाला आणि पडद्यावर आकडे आले: निकेल जेमतेम १ टक्का, मँगनीज ९ च्या वर. ३०४ मध्ये क्रोमियम १८ आणि निकेल ८ टक्क्यांच्या आसपास पाहिजे. हे होतं २०० सिरीजचं स्टेनलेस, ज्याची स्वस्त भांडी आणि जिन्याचे कठडे करतात. चुंबक त्यालाही चिकटत नाही. म्हणून सांगतो, चुंबकाच्या परीक्षेवर ३०४ विकत घेऊ नका. शिवाय गाड्यांच्या कंपन्या सायलेन्सरला ४०९ जातीचं स्टेनलेस भरपूर वापरतात. त्याला चुंबक घट्ट चिकटतो आणि तरी ते या कामाला उत्तम असतं. चुंबक लावणारा माणूस नेमका चांगला माल परत पाठवेल आणि वाईट घरी आणेल. कोल्हापुरात एवढ्या फाउंड्र्या आहेत, कुणाच्या ना कुणाच्या ओळखीत तपासणीची सोय निघतेच. बिलावर ग्रेड लिहून मागा आणि तुकडा तपासून घ्या.

मी शेवटी ३०४ चाच पाइप घेतला, पावणेदोन इंची, दीड मिलिमीटर जाडीचा, आणि यावेळी कापायच्या आधी तुकडा तपासला.

वाकवण्याचं काम उद्यमनगरातल्या एका चाचांनी केलं. आधी एका ठिकाणी साध्या बेंडरवर नमुना वाकवून घेतला होता, पण वर्निअर लावला तर ४४ मिलिमीटरचा पाइप वळणात ३८ वर चेपलेला. वर माप मोठं घ्यायचं आणि प्रत्येक वळणावर गळा आवळायचा, याला अर्थ नाही. चाचांनी पाइपच्या एका तोंडाला लाकडी बूच मारलं, कढईत भाजून कोरडी केलेली वाळू आत भरली, बाहेरून हातोडीनं हलके ठोके देत ती दाबून बसवली आणि दुसरं बूच मारलं. मग गॅसनं तापवून, अंदाजानं, हळूहळू ओढलं. वाळू ओली राहिली तर वाफेनं बूच गोळीसारखं उडतं, म्हणून भाजण्यात त्यांनी तासभर घालवला. वळणात माप आलं ४३. मी दोनदा मोजलं. चाचांनी मोजलं नाही, नुसता अंगठा फिरवला आणि पुढच्या वळणाला लागले.

रेझोनेटर सरळ आरपारचाच घेतला, पण लांबलचक: आत छिद्रांची नळी आणि भोवती लोकर भरलेली. हा वरचे, कर्कश सूर खातो. मागचा मफलर मात्र कंपनीचाच ठेवला. त्यात आत पडदे आणि कप्पे असतात. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात वळसे घेत जातो आणि तो छातीत बसणारा खालचा सूर तिथं मरतो. दिसायला साधा, काळपट, कुणी वळून बघणार नाही. मला तोच पाहिजे होता.

फिटिंगला पूर्ण दिवस लागला. सगळं गाडीखालीच जुळवून आधी नुसते टाके मारले, मग खाली काढून आर्गॉनवर पक्कं वेल्डिंग. फ्लेंज (पाइप एकमेकांना जोडायच्या चकत्या) साध्या लोखंडाच्या होत्या, म्हणून तिथं वेल्डिंगला ३०९ ची तार वापरली. स्टेनलेस-स्टेनलेस जोडाला ३०८. एक गोष्ट मी मुद्दाम लक्षात आणून दिली आणि मिस्त्रींनी मान्य केली. स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षा जास्त वाढतं. मीटरभर लांबीचा पाइप ३०० अंशांनी तापला तर लोखंड साधारण साडेतीन मिलिमीटर वाढतं, ३०४ पाच मिलिमीटर. म्हणून पाइप टांगायचे हँगर रबर ताणून बसवले नाहीत, थोडी ढील ठेवली. मागच्या सीटवर गॅरेजमधली तिन्ही पोरं बसवली, गाडी खाली दबवली आणि मागचा ॲक्सल पाइपला कुठे टेकतो का ते बघितलं. एका ठिकाणी टेकत होता, ते वळण पुन्हा करावं लागलं. पेट्रोलच्या टाकीपाशी जुना उष्णता अडवणारा पत्रा होता, तो घासून परत लावला.

शेवटी गाडी चालू करून मिस्त्रींनी टेलपाइपवर जाड फडकं दाबलं आणि मी साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर फिरलो. एका फ्लेंजला बारीक बुडबुडे आले. तिथला जोड खोलून परत बसवला.

आवाज मोबाइलवर मोजला. मोबाइलचा आकडा कायद्याला चालत नाही, पण दोन गाड्यांची तुलना करायला चालतो. टेलपाइपपासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात, ४५०० आरपीएमला. त्या अडीच इंचीच्या वेळीही मी असंच मोजून ठेवलं होतं. नवीन आकडा त्यापेक्षा १३ नं कमी, आणि मित्राच्या मूळ सायलेन्सर असलेल्या स्विफ्टपेक्षा फक्त एकानं जास्त. पीयूसीला कार्बन मोनॉक्साइड ०.११ आलं. तिसऱ्या टाकीला ॲव्हरेज पुन्हा चौदावर.

पाइप, रेझोनेटर, मजुरी आणि मागचा मफलर मिळून तेरा हजारांच्या थोडे वर गेले. आधीचे साडेनऊ वेगळे. ते दुकानानं परत केले नाहीत.

पुढच्या महिन्यात पुन्हा वैभववाडीला निघालो. बालिंगा गेलं, कळे गेलं. ऐंशीवर गाडी बसली तेव्हा मी नकळत स्टिअरिंग घट्ट धरलं आणि कान लावले. टायरचा आवाज, वारा, बास. साळवण आलं तेव्हा आप्पांना विचारावं म्हणून वळून बघितलं, तर ते टोपी डोळ्यांवर ओढून झोपले होते. परत येताना घाटातलं ते वळण तिसऱ्यात गेलं.

घरी आल्यावर पाचशे किलोमीटर पुरे झाले होते. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे जाऊन फ्लेंजचे सगळे नट पुन्हा आवळून घेतले. दोन थोडे ढिले निघाले. तापून-थंड होऊन पहिल्या वेळी ते होतंच, असं मिस्त्री म्हणाले, आणि पुढची गाडी खड्ड्यावर घेतली.